पायाच्या अंगठ्याखालचं बटण

ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही. मित्राच्या मित्राकडून ऐकलेलीही नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि शेवटचा थोडा भाग मी स्वतः त्याच्याशेजारी खुर्चीत बसून पाहिलाय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर.

गाव काष्टीच्या अलीकडं, श्रीगोंदा तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण तो अजून तिथंच धंदा करतो. साल मागचंच. एप्रिल महिना.

आणि रात्र नव्हती बरं का. भुताच्या गोष्टीला लोकांना रात्रच लागते. इथं टळटळीत दुपार होती.

बारा चाळीस.

भावाचं नाव भागवत. वय पस्तीस-छत्तीस. एसटी स्टँडच्या मागं त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, फॉर्म, असली कामं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं एक छोटं मशीन, आणि बाहेर पत्र्याखाली लोकांना बसायला बाक. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीही तोच करतो, त्याचा हात चांगला आहे. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला तसं वाटणार आहे.

त्याला एक खोड होती.

सीपीयूचा डबा त्यानं टेबलाखाली आडवा ठेवलेला. डब्याची पाठ त्याच्या पायाकडं. त्या पाठीवर पॉवर सप्लायचं काळं बटण असतं बघा, ज्यानं कॉम्प्युटरची लाईटच तुटते. ते बरोबर त्याच्या पायाच्या अंगठ्यासमोर यायचं. भूक लागली, कंटाळा आला, समोरचं काम किचकट दिसलं, की साहेब चपलेतून पाय काढायचे आणि अंगठ्यानं बटण दाबायचे.

खट्.

स्क्रीन काळी.

मग चेहरा पाडून म्हणायचा, "घ्या. पॉवर सप्लाय गेला. आता उद्या या."

आणि लोक निमूट उठून जायचे. माणसाशी भांडता येतं, मशीनशी काय भांडणार? मी एकदा शेजारी बसून त्याची ही कला पाहिली होती. तेव्हा मी हसलो होतो, हेही खरं तेच सांगतो.

राहीबाई सत्तरीच्या पुढची. तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून चालत यायची. तिला हयातीचा दाखला हवा होता. निराधाराची पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा मशीनवर अंगठा लावून सांगावं लागतं, की बाबांनो, मी अजून जिवंत आहे. पण जन्मभर खुरपं धरून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. मशीन अंगठा घेईना. ओल्या फडक्यानं पूस, खोबरेल लाव, परत ठेव, परत पूस... अर्धा अर्धा तास त्यात जायचा.

दोनदा आली. दोनदा भागवतनं पायानं काम भागवलं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा बारा चाळीस झाले होते. घरून नुकताच फोन येऊन गेलेला. मासवड्या केल्यात, रस्सा गरम आहे तोवर या.

खट्.

"आजी, परत गेला बघा सप्लाय," भागवत म्हणाला.

"असू दे बाबा. तू जेवून ये. मी बसते हितं, तवर हुईल चालू."

"आज काय व्हायचं न्हाई."

"बसते की. मला कुठं घाई हाय."

भागवतनं शटर ओढलं. घरी गेला, मासवड्यांवर आडवा हात मारला, कूलरपुढं लवंडला. उठला तेव्हा चार वाजले होते. परत आला तर बाक रिकामा होता.

राहीबाई कधी उठली आणि त्या उन्हात कशी चालत गेली, कोणीच पाहिलं नाही. संध्याकाळी ताप भरला. ऊन लागलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिला हाताचा अंगठा लावायचा होता. यानं पायाचा लावला.

भागवत मयतीला गेला. तिथं दोघं-तिघं म्हणाले, बघा, गिऱ्हाईकाच्या मयतीला आलाय, अशी माणुसकी कुठं राहिलीय आता. त्याला मान वर करवेना. गावात कोणाला काही माहीत नव्हतं, आणि त्यालाही सांगायचं धाडस नव्हतं. घरी येऊन त्यानं कानाला खडा लावला. सीपीयू टेबलाखालून उचलला आणि टेबलावर पार पलीकडच्या टोकाला ठेवला. आता पाय पोचायचा प्रश्नच नव्हता.

तेरावा झाला.

चौदाव्या दिवशी भागवत एकाचा उत्पन्नाचा दाखला भरत होता. दुपारची वेळ. बाहेर चिटपाखरू नाही. आणि...

खट्.

स्क्रीन काळी झाली.

डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता. म्हणजे लाईट गेलेली नव्हती. त्यानं घड्याळ पाहिलं. मग खाली स्वतःच्या पायाकडं पाहिलं. दोन्ही पाय चपलेत होते.

उठून त्यानं सीपीयूच्या मागं हात घातला. बटण दाबलेलं होतं.

बंद बाजूला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. वेळ तीच, एका मिनिटाचा फरक नाही.

आता भागवत पडला कारागीर माणूस. भुताखेताचा विचार त्याच्या मनात आला नाही, किंवा आला तरी त्यानं तो येऊ दिला नाही. त्यानं हिशोब मांडला, की दुपारी उष्णता वाढते, सप्लाय तापतो, म्हणून बंद पडतो. बटण सैल झालं असेल, आपोआप उलटत असेल. सगळं पटण्यासारखं होतं. त्यानं धूळ साफ केली, वायर बदलली, बोर्डातला प्लग बदलून पाहिला. फरक पडला नाही.

मग त्यानं पॉवर सप्लाय बाहेर काढला. त्याच्या वायरींच्या जुडग्यात एक हिरवी वायर असते. हिरवी आणि काळी यू-पिननं जोडली, की सप्लाय कॉम्प्युटरशिवाय एकटाच चालू होतो. त्यानं जोडली. छोटा पंखा फिरला. मीटर लावून बारा व्होल्ट पाहिले, पाच पाहिले, तीनवाले पाहिले. सगळे चोख.

सप्लायचा डबा उघडला तर आत करंट साठवणारे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले.

"सापडलं," भागवत स्वतःशीच म्हणाला. मला पुढं सांगताना तो म्हणाला, दादा, त्या दोन फुगलेल्या कपॅसिटरांकडं बघून मला रडूच आलं. कारण मशीनमध्ये बिघाड असेल तर माझ्यात काही नव्हतं ना.

कपॅसिटर बदलले. डबा बंद केला. दुपारी घड्याळाकडं बघत बसला.

बारा एकोणचाळीस.

बारा चाळीस.

खट्.

त्यापुढच्या दिवशी त्यानं ठरवलं, आज बंद करायला काही ठेवायचंच नाही. साडेबारालाच सप्लाय बाहेर काढून टेबलावर ठेवला. प्लग भिंतीतून उपटला. अंगठ्याच्या मशीनची वायरही काढून हातात घेतली. शटर अर्धं ओढलं आणि बसला.

बारा चाळीसला आवाज झाला नाही. सगळं शांत होतं. बाहेर रस्त्यावर एक गाडीसुद्धा नव्हती.

मग टेबलावरच्या सप्लायचा पंखा हळूच हलला. एक पातं... दुसरं पातं... आणि फिरायला लागला.

भागवतनं मनाला समजावलं. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडा करंट राहतो. कारागीर त्याला हात लावत नाही, लावला तर झटका बसतो. तोच करंट असेल. पण तो करंट फार तर काही सेकंद टिकतो. पंखा फिरतच राहिला. आणि हिरव्या वायरीला पिन लावलेलीच नव्हती.

तेवढ्यात अंगठ्याच्या मशीनमध्ये लाल लाईट लागला.

अंगठा ठेवा, असं सांगणारा तो लाईट.

त्या मशीनची वायर भागवतच्या हातात होती. तिचं टोक त्याला दिसत होतं.

लाईट बराच वेळ तसाच राहिला. मग विझला. पंखाही थांबला. भागवतनं धीर करून वाकून पाहिलं. मशीनच्या काचेवर ओलसर ठसा उमटला होता. अंगठ्याचाच. पण त्यात एकही रेष नव्हती... नुसता गुळगुळीत गोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तो श्रीगोंद्याला गेला. तिथं गनीभाई म्हणून एक जुने कारागीर आहेत. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, पॉवर सप्लाय, जे इतरांना जमत नाही ते त्यांच्याकडं येतं. भागवतनं बाकी काही सांगितलं नाही. "मधूनच बंद पडतो," एवढंच म्हणाला.

गनीभाईंनी सप्लाय दोन दिवस ठेवून घेतला. एका बल्बमधून लाईट देऊन तो चालवला. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, नसेल तर विझल्यासारखा राहतो. दोन दिवस बल्ब विझल्यासारखा राहिला.

"भागवतभाऊ, ह्याला काय बी झालं न्हाई," गनीभाई म्हणाले. "एकदा बी बंद पडला न्हाई. बारा वाजता न्हाई, एक वाजता न्हाई."

"मग बंद का पडतोय?"

गनीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सप्लायची पाठ त्याच्याकडं केली. "एक इचारतो. ह्ये बटण मानूस किती येळा दाबतो? जन्मात पाच-धा येळा. तुमचं बघा. वरची खूण पुसून गेलीय. आतले पॉइंट जळून काळे पडलेत. हजार येळा दाबलंय ह्ये कुनीतरी. अन् एकाच कडंनं दाबलंय."

भागवतनं पाय मागं ओढून घेतले.

"कोन दाबतं?"

खरं बोलायची ती चांगली वेळ होती. समोर परका माणूस, दुसरं गाव. पण जिभेला सवय वेगळीच लागलेली.

"आमची ज्ञानेश्वरी," भागवत म्हणाला. "पोरगी लहान हाय. खेळती."

ज्ञानेश्वरी त्याची सहा वर्षांची मुलगी. तिनं त्या सप्लायला कधी बोटही लावलेलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती पळत येऊन पायाला बिलगली, तर याला तिच्याकडं बघवेना. स्वतःचं पाप लेकरावर ढकलून आलो, याची लाज त्याला जेवणाच्या ताटावरही सोडेना.

गनीभाईंनी मात्र काम चोख केलं होतं. बटणच काढून टाकलं होतं. वायरी थेट जोडून वर पत्र्याची पट्टी मारलेली. "आता दाबायला काय ठेवलंच न्हाई," असं म्हणून त्यांनी तो हातात दिला होता.

सप्लाय बसवला. दुपारी भागवत त्या पत्र्याच्या पट्टीवर तळहात ठेवून उभा राहिला.

बारा चाळीस.

खट्.

पट्टीखाली काही नव्हतं. तरी आवाज तिथूनच आला, त्याच्या तळहाताखालून. कॉम्प्युटर बंद पडला.

त्यानं तो सप्लाय काढून फेकला आणि नवाकोरा आणून बसवला. नव्याचंही तेच. बारा चाळीस, खट्.

त्या दुपारी शटर ओढून भागवत वस्तीकडं चालत निघाला. मोटरसायकल घेतली नाही. राहीबाई चालत गेली असेल त्याच सुमाराला, त्याच उन्हात. अर्ध्या वाटेतच डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. छत्तिसाव्या वर्षी माझी ही गत, तिची काय झाली असेल, असं म्हणत तो रडत चालला होता. हे त्यानंच मला सांगितलं.

राहीबाईची सून रंगुबाई कांद्याच्या चाळीपुढं सावलीत कांदे निवडत बसली होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं. भागवत तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. बटण, पाय, मासवड्या. तीन वेळा परत पाठवलं तेही.

रंगुबाईचे हात कांदे निवडतच राहिले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आत्या त्याच सांजंला बोलल्या. पोराचा पाय हालला अन् मशीन गेलं म्हनल्या. तिन्ही येळंला बघितलं म्हनं त्यांनी."

"मग बोलल्या का न्हाईत?"

"चार मानसात कशाला बोलायचं, म्हनल्या. त्याची त्याला लाज वाटंल, मंग येऊन चालू करंल. म्हनून बसल्या हुत्या तितं."

भागवतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मशीन चालू व्हायची वाट बघत नव्हती. याला लाज वाटायची वाट बघत होती. आणि हा कूलरपुढं चार वाजेपर्यंत घोरत होता.

मग त्यानं राहिलेलं सांगायला घेतलं. खट् आवाज, लाल लाईट, काचेवरचा ठसा, सगळं सांगितलं. "रोज येतात त्या," तो म्हणाला. "माझ्यावर राग हाय त्यांचा. काय करू ते सांगा. तुमी म्हनाल ते करतो."

रंगुबाईनं पहिल्यांदा हात थांबवले.

"आत्या? आत्या कशाला येतील? तुमचा राग न्हवता त्यांना. पोरगं भुकेलं हुतं, म्हनल्या."

"पण अंगठा त्यांचाच होता. त्यात रेषा नव्हत्या."

रंगुबाईनं हात पदराला पुसला आणि उजवा अंगठा त्याच्यापुढं धरला.

"ह्यो बघा. हाय का रेघ?"

नव्हती. गुळगुळीत होता.

"ह्या वस्तीवर कुनाच्या अंगठ्याला रेघ हाय, भाऊ?" ती सावकाश म्हणाली. "आत्या एक झाल्या. त्यांच्या आधी तुमी किती जनांना परत लावलं?"

भागवत तिच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"अन् त्यातली किती जन आता हयात हायेत?"

तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं साधं विचारलं, आणि परत कांदे निवडायला लागली.

वाटेनं परत येताना भागवत आठवत होता. कोण कोण आलं होतं, कोणाकोणाला उद्या या म्हटलं होतं. एकही चेहरा आठवेना. त्यानं कधी चेहऱ्याकडं पाहिलंच नव्हतं, घड्याळाकडं पाहिलं होतं. राहीबाई तेवढी लक्षात राहिली, तीही ती लगेच गेली म्हणून.

ही झाली भागवतनं सांगितलेली गोष्ट. आता माझी.

मागच्या महिन्यात काष्टीला काम होतं म्हणून मी त्याच्याकडं डोकावलो. भागवत निम्मा झालाय. दुपारी घरी जेवायला जात नाही. दोन वाजेपर्यंत जागचा हलत नाही. कोणालाही परत पाठवत नाही, कितीही वेळ लागो. गावातले लोक म्हणतात, पोरगा सुधारला. तो ते ऐकून घेतो आणि खाली बघतो.

आम्ही बोलत बसलो होतो. उन्हामुळं कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

खट्.

मी माझ्या कानानं ऐकलं. सीपीयू माझ्या डोळ्यांसमोर होता, पाठ माझ्याकडंच, आणि त्याच्या जवळपास कोणाचा हात नव्हता.

भागवतनं घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून बसून राहिला.

आणि दारातून आवाज आला.

"मशीन चालू हाय का, बाबा?"

थकलेला आवाज होता. म्हाताऱ्या माणसाचा. बाईचा नव्हे, पुरुषाचा.

"हाय, हाय. या, बसा," भागवत खालमानेनंच म्हणाला. "लगेच करतो." मग अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "दादा, बघ ना जरा. कोनी खरं आलंय का? मला दाराकडं बघवत न्हाई."

मी पाहिलं.

दार उघडं होतं. बाक रिकामा होता. पुढं रस्ता तापलेला, आणि त्यावर लांबपर्यंत माणूस नव्हता.

भागवत माझ्या उत्तराची वाट बघत होता. घाबरलेला नव्हता तो. नुसता ओशाळलेला होता, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. मला तो दिवस आठवला, याच खुर्चीत बसून त्याच्या पायाची कला बघून मी हसलो होतो तो. कोणाला परत पाठवलं होतं त्या दिवशी? मलाही चेहरा आठवेना.

"हो," मी म्हणालो. "आलेत एक बाबा."

खोटं बोललो. खरं सांगायला जीभच उचलली नाही.

भागवतनं कॉम्प्युटर चालू केला. अंगठ्याचं मशीन फडक्यानं पुसलं आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला, रिकाम्या खुर्चीपुढं सरकवलं. मशीनमध्ये लाल लाईट लागला.

"ठेवा अंगठा, बाबा," तो म्हणाला. "सावकाश ठेवा. न्हाई आला तर परत ठेवा. मला कसली घाई न्हाई."

आणि मान खाली घालून वाट बघत बसला.

मी उठलो तो थेट गाडीपाशी आलो. चहाला थांबलो नाही, निरोपसुद्धा घेतला नाही. त्यानंतर दोनदा त्याचा फोन आला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं.

अंगठा लागला का, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.